कोण कोणासाठी थांबलंय

आमच्या पेणच्या ऑफिसात मी चार वर्षं काढली. त्या चार वर्षांत फर्निचर एका खुर्चीने वाढलं, किस्से मात्र रोज वाढत गेले. आजही कुणाच्या लग्नात जुनी ओळखीची मंडळी भेटली की हातात ताट येण्याआधीच कुणीतरी म्हणतं, "शुभा, तो मिरीचा सांग ना!" मग मिरीचा सांगताना एसटीचा आठवतो, एसटीचा सांगताना परबच्या फोनचा. मध्येच कुठलं आधी झालं आणि कुठलं नंतर, ह्यात मी हमखास गोंधळते. तेव्हाही गोंधळलेलीच होते, त्यामुळे एवढं चालवून घ्या.

ऑफिस म्हणजे तरी काय, पेणच्या बाजारात पापड करणाऱ्या मालतीकाकूंच्या घरावरची माडी. माणसं तीन. मालक देवधर सर, मी, आणि जितू म्हात्रे. कारखान्यांसाठी आम्ही कंट्रोलर बनवायचो, म्हणजे केटलचं, रसायन शिजवायच्या मोठ्या भांड्याचं, तापमान सांभाळणारी एक पेटी. त्या पेटीत तीन प्रोग्राम एकाच वेळी चालायचे, त्यांना टास्क म्हणायचं. सरांचा टास्क तापमान सांभाळायचा, माझा टास्क पडद्यावर आकडे दाखवायचा, आणि जितूचा टास्क धोका दिसला की घंटा वाजवायचा. ह्या तिघांना "आता तू चाल, आता तू थांब" असं सांगणारा जो मुकादम प्रोग्राम, तो कर्नल. हा कर्नल सरांनी एकट्याने लिहिला होता. नव्वदीतलं पेण हो! इंटरनेट आम्ही फक्त पेपरात वाचलेलं, आणि ह्या माणसाने पापडांच्या वासात माडीवर बसून कर्नल लिहिला! आम्हाला त्याचा अभिमान होता. सरांना तर होताच होता.

कर्नल आपण काय काय केलं ते प्रिंटरवर छापत जायचा. त्याला म्हणायचं ट्रेस. अडचण एवढीच, की तो ट्रेस वाचता यायचा फक्त सरांना.

*

पहिल्याच दिवशी सरांनी माझ्यापुढे कागदाची थप्पी आदळली. सलग, घडीघडीचा, दोन्ही कडांना भोकं असलेला कागद. प्रत्येक ओळीत आठ आकडे. ०३, १ए, ०७, एफएफ, असलं काहीतरी.

"सर, हे काय आहे?"

"वाच की! पेपर वाचतेस तसं वाचायचं."

मी वाचलं. डावीकडून वाचलं, उजवीकडून वाचलं, उभं वाचलं. डोक्याला नुसता ताप! शेवटी सरांची पाठ वळल्यावर जितूला हळूच विचारलं, "तुला येतं रे हे?"

"येतं थोडं," जितू म्हणाला. त्याला लागून सहा महिने झाले होते. "एफएफ म्हंजे वाईट."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं अजून नाय सांगितलं सरांनी."

मी हिंमत करून सरांनाच विचारलं, "सर, एफएफ म्हणजे किती वाईट?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "ते आधीच्या ओळीवर अवलंबून आहे." आधीच्या ओळीतही एफएफच होतं!

*

इथपर्यंत सगळं गमतीत चाललं होतं. मग रोह्याचं काम आलं.

रोह्याच्या एमआयडीसीत रंग बनवणारा एक कारखाना होता. त्यांच्या मोठ्या केटलवर आमची पेटी बसवली, महिनाभराच्या ट्रायलवर. आणि ती पेटी आठवड्यातून एक-दोनदा थांबायला लागली. बंद नाही पडायची, नुसती थांबायची. पडद्यावरचं घड्याळ जागच्या जागी, आकडे जागच्या जागी. दहा-पंधरा सेकंदांनी जणू काही झालंच नाही अशी पुढे चालू! तेवढ्यात केटल जास्त तापली तर आतला सगळा रंग वाया. तिथले ऑपरेटर नझीरभाई पटकन हाताने व्हॉल्व्ह फिरवायचे म्हणून निभत होतं. कारखान्याचे साहेब सरांना सरळ म्हणाले, "महिन्याच्या आत कारण सापडलं नाही तर पेटी उचला."

सर तापले. माडीवर आल्या आल्या आम्हा दोघांना समोर उभं केलं. "ज्याच्यामुळे मशीन थांबतंय, तो घरी! मग तो कुणी का असेना!"

कुणी का असेना म्हणताना बघत होते जितूकडे. कारण थांबण्याच्या आधीची शेवटची ओळ बहुतेक वेळा ०७ ची निघायची, आणि ०७ म्हणजे जितूचा टास्क.

जितू वडखळच्या अलीकडे खाडीकाठच्या गावातला. घरात आजा-पणज्यापासून मिठागराचं काम. मीठ सोडून नोकरीला लागलेला घरातला हा पहिलाच. बापाने अख्ख्या गावाला सांगून ठेवलेलं, "आमचा जितू रोह्याची कंपनी चालवतो!" त्या दिवशी जिना उतरताना जितू मला म्हणाला, "म्याडम, आता ती कंपनी माझ्यामुलंच थांबते, ह्ये बाबांना कोन सांगनार?" मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! पण त्याच्यामुळे थांबत नाही असं तरी कशावरून म्हणू? ट्रेस वाचता येत होता कुणाला?

मी परत वर गेले आणि सरांना म्हटलं, "सर, हा ट्रेस तुम्हीच वाचणार आणि तुम्हीच निकाल देणार, हे काही बरोबर नाही. आम्हालाही वाचता आला पाहिजे."

"मग कर वाचता येईल असा," सर म्हणाले. "महिना आहे."

*

मी जोशात कामाला लागले. आकड्यांच्या जागी अख्खी इंग्रजी वाक्यं घातली. अमुक टास्क उठला, अमुक टास्कने अमुक मागितलं, अमुक टास्क परत झोपी गेला. काय सुंदर वाचता येत होतं! फक्त मशीनच्या एका मिनिटाला कागद लागायचा पाऊण खोका.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये आमचा एक प्रिंटर ठेवलेला होता, कारण त्याच्या आवाजाने साहेबांचं डोकं दुखायचं. स्टोअरकीपर परब दर सोमवारी आणि गुरुवारी छापलेला कागद फाडून गठ्ठा बांधायचा आणि पेणच्या एसटीत टाकायचा. माझ्या वाक्यांचा गठ्ठा मात्र त्याच्याने उचलवेना. म्हणून मी आणि जितू स्वतः गेलो आणि दोन मोठे गठ्ठे मांडीवर घेऊन एसटीत बसलो.

निडी गावाच्या पुढे कंडक्टरने विचारलं, "मतदार याद्या का?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या सीटवरचे आजोबा उठून आले. "माझं नाव बघा जरा. मागच्या वेळंला गायबच होतं."

आता ह्यांना कर्नल कसा समजावणार? जितू बिचारा भला माणूस. त्याने एक पान उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "हाय, आजोबा. हाय तुमचं नाव."

आजोबा खूश. नागोठण्याला उतरायला उठले, दारापर्यंत गेले, आणि परत आले.

"मंग आता म्हातारीचं पन बघ."

"हाय, त्यांचं पन हाय."

आजोबांचा चेहरा एकदम पडला. "अरे, ती वारली ना दोन वर्सांमागं! तिचं काढा म्हनून किती अर्ज केलं मी!" असं म्हणून संतापाने खाली उतरले, आणि एसटी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहून आम्हा दोघांना सरकार समजून शिव्या देत होते!

*

कागद वाचवायचा म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेले. प्रत्येक टास्कला एकच अक्षर, आणि त्या टास्कला उठायला उशीर झाला तर अक्षरापुढे एक टिंब. एका ओळीत साठ अक्षरं मावायला लागली. आता वाचायचं काय, तर फक्त टिंबं मोजायची. मला वाटलं, जमलं!

परबचं पार्सल आलं तेव्हा आम्ही जेवायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर गठ्ठा नाही. शोधाशोध केली तर मालतीकाकू गच्चीवर, आणि आमचा कागद गच्चीभर लांबच लांब पसरलेला. त्यावर त्यांनी पापडात घालायची मिऱ्यांची भरड वाळत टाकली होती.

"अहो काकू, तो आमच्या कामाचा कागद!"

"अगो, जिन्यात पडला होता, मला वाटलं रद्दी. एवढं काय? भरते की मिरी, आणि घे तुझा कागद!"

काकूंनी हाताने मिरी गोळा केली आणि डबा भरायला खाली गेल्या. तेवढ्यात देवधर सर भिंग घेऊन वर आले. उन्हातच उकिडवे बसले आणि जितूच्या अक्षरापुढची टिंबं मोजायला लागले.

"चार... पाच... बघ म्हात्रे, बघ! सहा वेळा उशीर! सात! आठ!"

जितू पांढराफटक. सर अजून खाली वाकले, नाक कागदाला टेकायचं बाकी होतं. "नऊ! दहा! अकरा वेळा उशीर, आणि म्हणे माझ्यामुळे नाही..."

आणि शिंकले! अशी जबरदस्त शिंक, की जितूचे अकराच्या अकरा उशीर उडाले आणि कागदावर नुसती अक्षरं राहिली!

खालून काकू ओरडल्या, "कोण गो शिंकलं? माझी मिरी राहिली असेल वर, उडवू नका!"

*

मग जितू म्हणाला, "म्याडम, आपन आपसात बोलतो तसंच छापा ना. इंग्रजी अक्षरं, पन मराठी भासा." डोकं चालायचं त्याचं. टास्कला मी आमचीच नावं दिली. देवधर, शुभा, जितू. "शुभा उठली." "जितू झोपला." पहिल्या कागदावर "देवधर थांबला" असं वाचून सरांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "थांबला?" मी निमूट "थांबले" करून आणलं. बाकी सगळं छान होतं. एखादा टास्क कर्नलने बंद केला तर छापायचं "मेला", आणि परत चालू केला तर "उठला". प्रत्येक ओळीपुढे वेळ.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. उचलला जितूने. पलीकडे रोह्याचा परब, आवाज अगदी रडवेला.

"फार वाईट झालं हो. जितू म्हात्रे गेला."

"कोन गेला?"

"तुमचा जितू. मशीनवरच छापून आलं ना!"

जितू इतका गोंधळला, की "मीच बोलतोय" म्हणायचं सोडून विचारतो काय, तर, "कधी?"

"सकाळी नऊ बत्तीसला."

जितूने घड्याळात पाहिलं. मी शपथेवर सांगते, नऊ बत्तीसला आपण कुठे होतो ते तो आठवत होता! मग पलीकडून परब म्हणाला, "आणि ते नऊ तेहतीसला परत उठला असं लिहिलंय, ते काय मला कळलं नाय."

"नाय, ते मलापन आताच कळलं," असं म्हणून जितूने फोन ठेवून दिला.

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जितू मात्र हसला नाही. "म्याडम," तो म्हणाला, "दहा दिवस राह्यलेत."

*

ते दहा दिवस मला नीट आठवत नाहीत. ट्रेस वाचता येत होता, पण वाचून काही कळत नव्हतं! जितू उठला, जितू झोपला, शुभा उठली, आणि मग थांबलेलं. का थांबलं, ते कुठेच नाही. शेवटची ओळ परत जितूचीच. जितूचा टास्क दर सेकंदाला उठायचा, त्यामुळे कधीही थांबलं तरी शेवटी तोच दिसणार, हे माझ्या लक्षात आलं होतं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "हा पुरावा नाही." आणि तो नव्हताच.

वैतागून एका दुपारी मी एकटीच रोह्याला गेले. तीनची शिफ्ट बदलत होती. नझीरभाई आपलं काम पुढच्या ऑपरेटरला सोपवत होते. हे नझीरभाई बारा वर्षं आखातात काढून आलेले, पांढरी दाढी, बोलणं एकदम शांत. त्यांच्या रजिस्टरमध्ये कुठला पंप काय करतोय ते काहीच लिहिलेलं नव्हतं. फक्त एकच रकाना होता. एक नंबर टाकी, दोन नंबरसाठी थांबलीय. दोन नंबर, वाफेसाठी थांबलीय. वाफ, बॉयलरवाल्यासाठी. बस, एवढंच!

"नझीरभाई, कोण काय करतंय ते नाही लिहीत?"

"ते कशाला, बेटा? चालू हाय ते डोळ्यांना दिसते," ते म्हणाले. "तिकडे आम्ही पाच देशांचे लोक, कुनाला कुनाची भासा येत नाय. एकच सवाल शिकलो होतो. कोन कोनासाठी थांबलाय? तो धागा पकडून जा. शेवटी जो कुनासाठीच थांबला नाय, तो तुझा मानूस."

मी तिथेच कपाळावर हात मारला. महिनाभर मी कोण काय करतंय ते छापत बसले होते!

पेणला येऊन सरांना सांगितलं, की प्रत्येक थांबण्यापुढे "कोणासाठी" असा रकाना हवा. आणि ही थांबण्याची नोंद तेवढी आधी मेमरीत साठवायची, छापायची नंतर, म्हणजे मशीन थांबलं तरी ती राहील. त्यासाठी कर्नलमध्येच बदल करावा लागणार होता. कर्नलला सर दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत. तोंड वाकडं करून का होईना, तो बदल त्यांनी स्वतः बसून लिहिला.

*

आता शेवटचा. हा मी लग्नात वगैरे फार सांगत नाही.

ट्रायलचा शेवटचा दिवस, गुरुवार. कारखान्याचे साहेब, सर, मी, जितू, नझीरभाई, सगळे केटलच्या पॅनलसमोर उभे. पेटी सकाळपासून कशी गुणी बाळासारखी चालली होती. जितू घड्याळाकडे बघून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. साडेअकरा वाजले. साहेब म्हणाले, "चला, आता तरी..."

आणि थांबली! सेकंदाचा आकडा जागच्या जागी. नझीरभाईंचा हात व्हॉल्व्हवर गेला. जितूने डोळे मिटून घेतले होते. मी मनात मोजत होते. नऊ, दहा, अकरा. बाराला आकडा हलला, आणि शेजारच्या स्टोअरमधून प्रिंटरचा आवाज परत सुरू झाला.

आम्ही सगळे तिकडे धावलो. प्रिंटरमधून ताज्या ओळी वर येत होत्या. नझीरभाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"शुभा थांबली. कोनासाठी, कर्नल. देवधर थांबले. कोनासाठी, कर्नल. जितू थांबला. कोनासाठी, कर्नल." मग पुढच्या ओळीवर बोट ठेवून, "कर्नल थांबला. कोनासाठी, प्रिंटर."

प्रिंटरशेजारी परब उभा होता. एका हातात फाडलेला गठ्ठा, दुसऱ्या हातात सुतळी.

"काय झालं?" तो आमच्याकडे बघून घाबरला. "मी तर नेहमीसारखाच फाडला. आधी बटन दाबून प्रिंटर थांबवायचा, मग फाडायचा, मग परत बटन. सोमवार-गुरुवार. सरांनीच सांगितलंय ना, मशीन का थांबते ते बघायला कागद पाठव म्हणून?"

एवढंच होतं! परबने बटण दाबलं की प्रिंटर थांबायचा, आणि छापल्याशिवाय पुढे जायचं नाही असा सरांचा कर्नल सगळ्यांना धरून त्याच्यासाठी उभा राहायचा. मशीन का थांबतं ते शोधायला कागद मागवायचो, आणि त्या कागदासाठीच मशीन थांबायचं!

साहेब आधी हसले. मग आणखी हसले. "देवधर, पेटी राहू द्या. परबला मी दुसरं काम देतो." जितू भिंतीला टेकून खालीच बसला. नझीरभाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला रडू यायला लागलं म्हणून मी खिडकीशी गेले.

सर प्रिंटरमधल्या त्या चार ओळी वाचत होते. परत परत वाचत होते. कर्नल त्यांचा, त्यातली ओळन्‌ओळ त्यांची, आणि ह्या वेळी कागदही सगळ्यांना वाचता येत होता. मग पिशवी उचलून म्हणाले, "ज्याच्यामुळे थांबतंय, तो घरी. मी निघतो." आम्हाला बरोबर न घेता, न जेवता, एसटी स्टँडकडे चालत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि जितू माडीवर येऊन बसलो. नऊला येणारे सर दहा वाजले तरी आले नाहीत. काम काय करावं तेही कळेना, म्हणून जितू नुसता माडीवरचा प्रिंटर पुसत होता. सव्वादहाला जिन्यावर पावलं वाजली. देवधर सर वर आले आणि दाराबाहेरच उभे राहिले. चपला काढून हातात घेतलेल्या.

"म्हात्रे," ते म्हणाले, "आत येऊ का?"

जितूने माझ्याकडे पाहिलं. मी जितूकडे.

"सर, ऑफिस तुमचंच हाय ना?" जितू म्हणाला.

"ते नाही विचारलं," सर म्हणाले.